सरजाबाईचा जबाब

सेलू, २ ऑगस्ट

गं. भा. रोहिणीबाई सिद्धोधन खिल्लारे यांसी,

शरणू शरणार्थी.

मी गुरुसिद्धप्पा हालगे, सेवानिवृत्त जमादार, सचिव, दिवंगत पोलीस परिवार आधार मंडळ, सेलू. चाकरीत असताना गेलेल्या पोलिसांच्या घरच्यांसाठी आम्ही पेन्शनर जमादारांनी हे मंडळ काढले आहे, हे आपणास ठाऊक आहेच.

आपले पती पोलीस शिपाई सिद्धोधन हे तीन वर्षांपूर्वी बंदोबस्तावर असताना छातीत कळ येऊन मयत झाले. त्यांच्या जागी अनुकंपावर कारकुनाच्या नोकरीसाठी आपण अर्ज केलेला आहे. परंतु दि. २८ सप्टेंबर रोजी आपल्या वयास पंचेचाळीस वर्षे पूर्ण होतात. त्याआधी नेमणूक न झाल्यास नाव यादीतून कायमचे कटते. सबब हे प्रकरण मंडळाने हाती घेतले आहे.

फायलीत दोन कागद कमी आहेत. एक, आपले हमीपत्र, की नोकरी लागल्यावर सासूबाईंचा सांभाळ कराल. दोन, सासूबाई सरजाबाई, राहणार ताडकळस, यांची ना-हरकत. पहिला कागद आपण पाठवावा. दुसरा मी स्वतः जाऊन हस्तगत करतो.

मंडळाच्या वर्धापनदिनास यावे. साडी, नारळ व शिवणयंत्र देऊन आपला सत्कार करण्याचे योजिले आहे.

फोन करू नये. फोनवर बोललेले पुराव्यात टिकत नाही.

आपला,
गुरुसिद्धप्पा हालगे


परभणी, ६ ऑगस्ट

जमादार मामा,

जयभीम. तुमचं पत्र आलं. पोस्टमन दारात उभा राहून म्हणाला, "ताई, उघडून बघा, कुणी गेलं असंल." आजकाल बिनकामाचं पत्र कुणाला येतंय?

पहिली गोष्ट. माझ्या नावाआधी गंगा भागीरथी लिहू नका. आमी बौद्ध माणसं, गंगेशी आमचा काय संबंध? आन आमच्या गल्लीतला नळ बघितलात तर कोणत्याच नदीचं नाव घ्यायची हिंमत होणार न्हाई तुमची. नुसतं रोहिणी लिहा. तेवढं पुरतं.

दुसरी गोष्ट, शिवणयंत्र. मंडळानं दिलेली दोन यंत्रं घरात हायेत. एकावर टीव्ही ठेवलाय, दुसऱ्यावर कुकर. मला शर्टाचं बटण लावता येत न्हाई. नवरा मेला की बाईला आपोआप शिवण येतं, असं कुणी सांगितलं तुमाला?

मला नोकरी पाहिजे मामा. पेन्शन येते, उपाशी न्हाई मी. पण लेकरूबाळ न्हाई. सकाळी उठल्यावर "आज कुठं जायचंय" असं विचारणारं कुणी न्हाई, आन मला सांगायलाबी काही न्हाई. बी.ए. झाले, टायपिंग येतं. एका वकिलाकडं कधीमधी चार कागद टाइप करून देते, पण ती काय नोकरी न्हवं. मला एक टेबल पाहिजे, एक खुर्ची पाहिजे, आन उशीर झाला म्हणून खवळणारा साहेब पाहिजे. एवढंच.

हमीपत्र सोबत जोडलंय. ते तीनदा फाडून चौथ्यांदा लिहिलंय.

पण सासूबाईच्या अंगठ्याची आस धरू नका. आमचं बोलणं बंद हाय दीड वर्षापासून. कारण तुमचं मंडळच. मागच्या सत्काराला मला स्टेजवर खुर्ची, साडी, नारळ. ती पार मागं, लग्नात आचाऱ्याची माणसं बसतात तशी बसली. बस स्टँडवर आल्यावर म्हणाली, "पोरगं माजं गेलं, आन नारळ हिला!" माझंबी डोकं फिरलं. म्हणलं, "घ्या मग तुमचा नारळ," आन तिच्या मांडीवर आपटला. जिंतूरच्या गाडीतले लोक उतरून बघायला लागले. तेव्हापासून ती तिकडं, मी हिकडं.

ती अंगठा देणार न्हाई. तरी जावा.

रोहिणी


सेलू, १६ ऑगस्ट

श्रीमती रोहिणीबाई यांसी,

शरणू शरणार्थी. 'गं. भा.' काढले आहे. नुसते रोहिणी लिहिणे मात्र माझ्याच्याने व्हायचे नाही.

दि. १३ रोजी मौजे ताडकळस येथे गेलो. साक्षीदार घरीच सापडावा म्हणून सकाळी आठलाच पोहोचलो. सोबत बीटवरचा एक ओळखीचा शिपाई घेतला होता, वर्दीत. कागदावर अंगठा घेताना वर्दी जवळ असली की काम लवकर होते, असा माझा चौतीस वर्षांचा अनुभव आहे.

ह्या खेपेस झाले नाही. सरजाबाईंनी ना-हरकत देण्यास साफ नकार दिला. मी रीतसर जबाब नोंदवून घेतला आहे. जबाबातील मजकूर गोपनीय आहे.

धाकटे चिरंजीव दत्ता हे त्या वेळी घरात भिंतीला टेकून बसले होते व काहीएक बोलले नाहीत. नोकरी आपणास न मिळता दत्तास मिळावी, असा सरजाबाईंचा हेतू असावा, असा मला दाट संशय आहे. पुढील तपास चालू आहे.

आपला,
गुरुसिद्धप्पा


परभणी, २० ऑगस्ट

जमादार मामा,

असं हाय होय! दत्ताला पाहिजे का नोकरी? आवो, त्या दत्तानं दहावीत इंग्रजीच्या पेपरात स्वतःचं नाव चुकीचं लिहिलं होतं. दिवसभर हरभऱ्याला पाणी देतो आन संध्याकाळी पारावर बसून सगळ्या जगाला अक्कल शिकवतो. तो बसणार होय कारकुनाच्या खुर्चीवर!

आता मला कळलं म्हातारीच्या पोटात काय हाय ते. मी लग्न होऊन आले तेव्हापासून तिचं हेच. मोठ्याचं ते धाकट्याचं, धाकट्याचं ते धाकट्याचंच. सिद्धोधन सुट्टीवर आला की हिचं सुरू, "दत्ताला चपला न्हाईत, दत्ताला सायकल न्हाई." तो बिचारा पायातली चप्पल काढून देऊन अनवाणी परत यायचा. जिवंतपणी चपला घेतल्या, आता मेल्यावर खुर्चीबी पाहिजे!

मला तिचा जबाब दाखवा. काय बोलली ती माझ्याबद्दल? शब्द न् शब्द पाहिजे. मी गप बसून ऐकणाऱ्यातली न्हाई.

एकोणचाळीस दिवस राहिले मामा. वकिलाकडं टायपिंगला गेले की कॅलेंडर समोर दिसतं. लय भीती वाटायली. हे हुकलं तर मी काय करू? कुकर ठेवलेल्या यंत्रावर बसून पायडल हाणू का?

रोहिणी


सेलू, २६ ऑगस्ट

श्रीमती रोहिणीबाई,

शरणू शरणार्थी.

जबाब दाखविता येणार नाही. एका साक्षीदाराचा जबाब दुसऱ्यास दाखवायचा नसतो, हा पोलीस खात्यातला पहिला धडा आहे. मी एकदाच तो मोडला. एका म्हैसचोरीत थोरल्या भावाचा जबाब धाकट्याला वाचून दाखविला. दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून म्हशीचे वय, शिंगे आणि मालक असे तिन्ही बदलले. साहेबांनी मला आठ दिवस गेटवर उभे केले. तेव्हापासून कानाला खडा.

दि. २३ रोजी ताडकळसला पुन्हा गेलो. ह्या वेळी वर्दी नेली नाही. सरजाबाई दारातच म्हणाल्या, "चपला काढू नका, थांबायचं न्हाई तुमाला." मी कायद्याची समज दिली. त्यावर म्हणाल्या, "घाला की मग आत. सुनंच्या हातची न्हाई तर सरकारच्या हातची तरी भाकर खाईन." शेजारच्या कडूबाई म्हणून एक आहेत, त्या एवढ्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मला पाणीसुद्धा न मिळता परत यावे लागले.

साक्षीदार अत्यंत कसलेला आहे. चौतीस वर्षांत असा पाहिला नाही.

आपला,
गुरुसिद्धप्पा


परभणी, २९ ऑगस्ट

मामा,

महिना उरला. थट्टा करायची ताकद न्हाई आज.

एकच विचारते. माझं हमीपत्र तुमी तिला वाचून दाखवलं का? सरकारी नमुन्यात "पालनपोषण करीन" एवढंच होतं. त्याच्या खाली मी माझ्या मनानं चार ओळी लिहिल्या होत्या. की सासूबाई माझ्याजवळ राहतील, न्हाईतर मी त्यांच्याजवळ राहीन. भांडण रोज होईल, पण घर एकच राहील. सिद्धोधनची आई ती माझी आई, ती कशीबी असू दे.

ते वाचूनसुद्धा ती न्हाई म्हणाली असंल, तर मी नाद सोडते. तिच्या पाया पडायला मी जाणार न्हाई. मीच नारळ आपटला होता, कोणत्या तोंडानं जाऊ? पण ते वाचून न्हाई म्हणाली का, तेवढं सांगा.

रोहिणी


सेलू, ३ सप्टेंबर

चि. रोहिणीस आशीर्वाद.

पोरी, माझी चूक झाली.

तुझे हमीपत्र मी सरजाबाईंना दाखविले नाही. ते माझ्या बॅगेत दोन्ही वेळा ताडकळसला जाऊन आले, पण बाहेर काढले नाही. एका साक्षीदाराचा कागद दुसऱ्यास दाखवायचा नाही, तर कसा काढणार? मी त्यांच्यापुढे फक्त ना-हरकत ठेवली आणि म्हणालो, "इथे अंगठा करा, म्हणजे सगळा हक्क सुनेकडे जाईल." असेच शब्द वापरले.

तुझे पत्र वाचून जेवताना मी हे आमच्या मल्लम्माला सांगितले. ती वाढता वाढता थांबली. म्हणाली, "अवो, त्यांच्यात कुनी कुनाचा खून केलाय का? एक सासू, एक सून. तुमी दोघींना दोन कोठड्यांत घातलं की." तिने वरण पातेल्यात परत ओतले आणि सांगितले की आधी पत्र लिहा, मग जेवा. म्हणून उपाशीपोटी लिहितो आहे.

दत्ताबद्दलचा संशय हा माझा तर्क होता. त्याला काडीचाही आधार नव्हता. माणूस गप्प बसला की त्याच्या मनात काळेबेरे आहे, असे धरून चालायची आमची सवय. ती घरगुती कामात उपयोगाची नाही, हे मला एकसष्टाव्या वर्षी कळले.

खाली सरजाबाईंचा जबाब जसाच्या तसा उतरवून दिला आहे. नियम मोडतो आहे. आता मला गेटवर उभे करायला कोणी साहेब उरलेला नाही.

"मी सरजाबाई भ्रतार तात्याराव खिल्लारे, वय अंदाजे सत्तर, राहणार ताडकळस, समक्ष विचारल्यावरून जबाब देते की, सकाळी सकाळी दारात पोलीस आनला, गल्लीतल्या बाया इचारायल्या सरजाबाईनं काय चोरलं. अंगठा मागायचा तर रोहिणीनं सोता यावं. मी काय वाघ हाय का तिला खायला? यील, भांडल. भांडू द्या. दीड वरीस झालं, घरात भांडायला मानूस न्हाई. दत्ता बोलत न्हाई. भावाचं नाव काढलं की भिंतीकडं तोंड करून बसतो. सिद्धोधन कसा हसायचा, कसा खोटं बोलायचा, हे माज्यासंगं बोलनारी ती येकच हाय. आता तुमी म्हनता अंगठा द्या, सगळा हक्क तिचा. मंग ती हिकडं कशाला यील? लेकरू बी न्हाई तिला, की आजी दाखवाय आनील. माजा अंगठा हाय तवर ती माजी सून हाय. म्हनून देत न्हाई. हा जबाब मला वाचून दाखविला, तो माझे सांगण्याप्रमाणे बरोबर आहे."

ताडकळसला जा. हमीपत्र सोबत परत पाठवले आहे. ते तूच वाचून दाखव.

तुझा,
गुरुसिद्धप्पा मामा


परभणी, ९ सप्टेंबर

मामा,

जयभीम. आधी तुमाला शिव्या देऊन घेते, मग बाकीचं. काय माणूस हाव का कोण हाव तुमी? एवढं बोललेलं तीन आठवडे बॅगेत घालून फिरलात! मी हिकडं तिच्या नावानं बोटं मोडायले, ती तिकडं माझ्या. मल्लम्माबाईंना माझा जयभीम सांगा. वरण परत ओतलं ते लय बरं केलं, चपातीबी काढून घ्यायला पाहिजे होती.

जबाब वाचला आन मी वकिलाच्या ऑफिसातच रडले. वकील घाबरला. त्याला वाटलं कोणतीतरी केस हरलो.

परवा पहिल्या गाडीनं गेले. ती ओट्यावर तुरीची डाळ निवडायली होती. मान वर न करता म्हणाली, "आली का? पोलीस कुठं ठेवलास?"

मी म्हणलं, "पोलीस मेला. आता मीच हाय."

बोलून गेले आन जीभ चावली. तिनं मान वर केली. मग म्हणाली, "आगं बाई, सिद्धोधनच बोलल्यावानी बोललीस." आन हसायला लागली, आन हसता हसताच सूप उलटं झालं. डाळ सगळी अंगणात. मग आमी दोघी ती डाळ येचत बसलो आन भांडलो. नारळावरून भांडलो, चपलांवरून भांडलो, लग्नातल्या मानपानावरून भांडलो. चपलांचं मी काढलं तर म्हणाली, "त्यो दत्ताला देत नव्हता, विकून पिच्चर बघायचा सेलूला. मला सगळं ठाव होतं." इतकी वर्षं मी त्या चपलांवरून जळायले मामा! दत्ता आतून ऐकायला होता. त्यानं दारातून सांगितलं, "दोघं मिळून जायचो." एवढंच बोलला आन पुन्हा आत गेला.

मग हमीपत्र वाचलं. म्हणाली, पुन्ना वाच. वाचलं. तिसऱ्यांदा कडूबाईला हाक मारून बोलावलं आन म्हणाली, "आता हिच्या म्होरं वाच." वाचता वाचता मी निम्मे शब्द गिळले. ती म्हणाली, "आता का गिळायलीस? मोठ्यानं वाच."

ना-हरकतीवर अंगठा दिला. शाईचा पॅड न्हवता, दत्तानं पेनाची नळी कापून दिली. त्यात तिचा अंगठा कमी आन मनगट जास्त रंगलं. साक्षीदार म्हणून शाळेतल्या धम्मदीप गुरुजींनी सही केली. मी भाकऱ्या करायला आत गेले तर ती गुरुजींशी कुजबुजत बसली होती. काय म्हणून विचारलं तर म्हणाली, "तुला काय करायचं? भाकर करपायली बघ." पाकीट गुरुजींनीच चिकटवून दिलं, ते तसंच रजिस्टरनं पाठवायले.

आन तिचा निरोप हाय तुमाला. पुढच्या सत्काराला आईलाबी खुर्ची पाहिजे, बायकोच्या शेजारी. न्हाईतर मंडळाचा मांडव ती सोता उतरवील. मी म्हणलं, साडी लाल मागू का? म्हणाली, "माग, मला बी लालच सांग."

नोकरी मिळो न मिळो, दर रविवारी ताडकळसला जायचं ठरलंय. पण मिळू द्या मामा. लय मिळू द्या.

तुमची,
रोहिणी


सेलू, २१ सप्टेंबर

चि. रोहिणीस आशीर्वाद.

हे पत्र पोस्टात टाकत नाही, परभणीला येणाऱ्या माझ्या मुलाच्या, शिवकांतच्या हाती देतो आहे. उशीर नको.

फाइल पूर्ण झाली. यादीत तुझे नाव आले. शुक्रवारी, दि. २७ रोजी, सकाळी पावणेदहाला हजर व्हायचे. म्हणजे एक दिवस राखून. अनुकंपाच्या टेबलावरच्या बाबूंनी सांगितले आहे की उशिरा आलीस तर साहेब खवळतात. तुला हेच पाहिजे होते.

आईची खुर्ची मंडळाच्या बैठकीत मंजूर झाली. विरोध दोघांनी केला. त्यांना ताडकळसला पाठवतो म्हणालो, तर गप्प बसले.

आता एक बाब. तुझे पाकीट टेबलावर उघडले, तेव्हा ना-हरकतीच्या मागे टाचलेला आणखी एक कागद निघाला. अक्षर धम्मदीप गुरुजींचे, अंगठा सरजाबाईंचा. बाबू म्हणाले, "हा यादीत नाही, परत घ्या." मी परत घेतला. पण आधी तिथे उभ्या उभ्या मोठ्याने वाचला. तीन टेबलांवरचे लोक थांबून ऐकत होते, आणि मला शेवटी चष्मा पुसावा लागला.

तुला ह्याची खबर नाही, हे उघड आहे. सरजाबाईंनी तुला दाखवायचा नाही म्हणूनच लपवून टाचला असणार. म्हणून सोबत पाठवतो आहे. एकीचा कागद दुसरीपासून दडवायचे काम मी आता सोडले.

तुझा,
गुरुसिद्धप्पा मामा


हमीपत्र

मी सरजाबाई भ्रतार तात्याराव खिल्लारे, राहणार ताडकळस, सरकारला लिहून देते की, सुनंनं मला संभाळायचं लिहून दिलंय, पन तिला कोन संभाळील हे तुमच्या कागदात कुटंच न्हाई. म्हनून मी लिहून देते.

माजी सून रोहिणी हिला मी जित्ती हाय तवर संभाळीन. तिला सैपाक धड येत न्हाई, भाकर तव्यावर फाडती, तरी संभाळीन. तोंड लय हाय तिला, तरी संभाळीन. हापिसातून दमून आली तर च्या करून दीन. माज्या मागं दत्ता संभाळील, त्याला बजावलंय, त्यानं मान हलवलीय.

तिनं दुसरं लगीन केलं तर माजी हरकत न्हाई. त्यालाबी जावयावानी जेवाय वाढीन. फकस्त तो पोलिसातला नसावा. येक झाला तेवढा बास.

निशाणी अंगठा, सरजाबाई